राहीचा चिंचोका

कारभारी : ...पर ह्यावर कुनी इस्वास ठेवायचा न्हाई, गहिनीनाथा. ठेवला तर माझ्या मिशा भादर.

गहिनीनाथ : तात्या, तुमच्या मिशा मागंच जायला पायजे हुत्या. तुमच्या बैलानं यष्टीला हात केला म्हनला हुतात, तवाच. मला घाई हाय. उद्यापासनं राहीची शाळा बंद. शेळ्यांमागं जाईल.

कारभारी : का रं? लेकीनं काय केलं?

गहिनीनाथ : तिनं न्हाई, त्या नव्या विष्णुपंत गुरुजीनं. पोरांनाच इचारतो, आज काय शिकायचं? औत धरताना बैलाला इचारतं का कुनी?

कारभारी : आन् न इचारता जुपलेला बैल नांगराच्या तासातच बसला मंग? आरं, ऐक तर. फळ्याखाली दोन मडकी. हरेक पोरानं घरनं एक चिंचोका आनायचा. जे शिकावं वाटतं, त्या मडक्यात टाकायचा. जास्ती चिंचोके, तो धडा.

गहिनीनाथ : निवडनूकच की ही!

कारभारी : तर! भीमानं भाजलेला आनला, आन् मत द्यायच्या आदीच खाऊन मोकळा.

गहिनीनाथ : ह्या दुष्काळात मत कोन राखून ठेवतंय!

कारभारी : मंग उठली तुझी राही.

गहिनीनाथ : आमची? आवो, पावनेरावळे मुकी समजत्यात तिला.

कारभारी : उठली आन् म्हनली, गुरुजी, हिरीत पानी किती उरलंय, किती दिस पुरंल, ते काढायला शिकवा. दुसरं मडकं कारखान्याच्या भोंग्याचं, त्याला आवाज कुठनं येतो. पर समदे चिंचोके राहीच्या मडक्यात! मडकं तडकलं! तेवढ्यात तपासनीला सायेब आला, त्यानंबी खिशातनं एक काढून टाकला. मंग वरात निघाली हिरीवर. दोरीला गाठी मारून आत सोडली, तर खालनं बेडूक वरडला, मोजा, पर पाय धुऊन या!

गहिनीनाथ : कुठल्या पान्यानं?

कारभारी : सायबानं त्येच इचारलं बेडकाला!

गहिनीनाथ : पुरं, तात्या. राही, शेळ्या बांध गं. उद्या लवकर...

राही : (दारातून) खोटं हाय.

गहिनीनाथ : काय म्हनलीस?

राही : तात्या आजा खोटं बोलत्यात. सायेब आला न्हाई. हिरीवर कुनी गेलंच न्हाई. भोंगा जिंकला. माझ्या मडक्यात एकच चिंचोका हुता. माझाच.

कारभारी : आगं, चारचौघांत म्हाताऱ्याची आब्रू...

गहिनीनाथ : थांबा तात्या, बोलू द्या तिला. एकच? मंग गुरुजी काय म्हनले?

राही : म्हनले, उद्या परत मांड. हिरीचं का शिकायचं, ते समद्यांना नीट सांग. आबा, शेळ्या मी शाळा सुटल्यावर नेते. उद्या मला बोलायचंय. आन् भीमानं शब्द दिलाय, उद्याचा चिंचोका खानार न्हाई.