सेवेला चार्ज नाही

— आणि त्या मोरवाल्याचं तर नावच काढू नकोस, असं म्हणत आबासाहेबांनी दुसऱ्या उशीकडे हात केला. सुकन्याने ती उशी त्यांच्या मोडक्या खुब्याखाली सरकवली आणि परत खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. तिच्या हातात बापाचा मोठा मोबाईल होता आणि त्यातला एक चौकोन अजून रिकामा होता. आबासाहेबांच्या मागं पैसे कुणाचे, त्याचं नाव तिथं लिहायचं होतं. सोनईच्या शिवेवरचा त्यांचा जमिनीचा तुकडा मोठ्या रस्त्यात गेला होता, त्याचा मोबदला हाती आला होता, आणि तो बँकेत कुजवण्यापेक्षा मोबाईलवरच्या गुंतवणुकीत टाकायचा असं म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं होतं. चौकोनात नाव लागलं की पुढचं सगळं त्या माणसाचं, हे त्यांचं पक्कं मत. कुणाचं नाव, ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. घरात बाप आणि विधवा लेक, दोघंच. म्हणून सुकन्याला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आबासाहेबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. तिथं आकडे पाठ झाले, इंग्रजी अक्षरं मात्र फाटकाबाहेरच राहिली. म्हणून मोबाईलमधल्या कंपन्यांना ते चित्रावरून ओळखत – मोरवालं, छत्रीवालं, पणतीवालं – आणि आठवडाभर त्यांची ही पारख चालली होती. मोरवालं म्हणतं दलाली शून्य. शून्य म्हणजे काय गं? – आडत घेत नाही म्हणणारा आडत्या कांद्याच्या बाजारात कधी बघितलास का? नाहीच बघितला – कारण तो हमालीत काढतो, तोलाईत काढतो, आणि वर चहा पाजून पाठवतो. तसंच यांचं. खातं उघडताना काही नाही, आणि वर्ष भरलं की खातं सांभाळायचे म्हणून कापणार. सांभाळायचे कशाचे? खातं काय गोठ्यात बांधलंय, त्याला वैरण लागते? बरं, छत्रीवालं सांभाळायचं घेत नाही – पण विकायला गेलं की दर खेपेला घेतं, आणि कशाला घेतलं म्हणून फोन लावावा तर गाणं वाजवतं. काल तेच गाणं, आज तेच गाणं, माणूस काही येत नाही. राहिलं पणतीवालं. त्याचा चार्ज सगळ्यात जास्त, हे खरं – पण फोन उचलतात, मराठी बोलतात, आबासाहेब जेवण झालं का म्हणून विचारतात. का विचारतात? चार्ज घेतात म्हणून विचारतात. पैसा दिल्याशिवाय सेवा कोण करतं?

“तुझ्यासारखं फुकटात करनारं मोबाईलात कुनी न्हाई बघ,” असं म्हणून ते हसले.

सुकन्याही जराशी हसली. तिला ते कौतुक वाटलं.

पण आबासाहेब तिथं थांबणारे नव्हते. बोलायला लागले की खोकला आला तरच थांबत. जो चार्ज लावतो त्याची आपण कदर करतो – आता पणतीवाल्याच्या फोनवरच्या पोरीशी मी किती गोड बोलतो, ऐकतेस ना? – आणि जो लावत नाही त्याला कशाला गोड बोलायचं? तो कुठं जातोय? तू रोज पाठ पुसतेस, भांडं देतेस, रात्रीची कूस बदलतेस – मी कधी बरं म्हणालो का? नाही म्हणालो. तुझं काही अडलं का? नाही अडलं. मग. हे सगळं ते रागानं सांगत नव्हते. काट्यावर गाडीचं वजन सांगावं तसं सांगत होते.

“लिही आता,” ते म्हणाले. “पार्थ.”

पार्थ म्हणजे त्यांच्या पुतण्याचा, रविराजचा मुलगा. पुण्यात शिकायला होता. दिवाळीत यायचा, उंबऱ्यातूनच पाया पडायचा, कारण आत औषधांचा वास येतो. सुकन्याचं बोट थांबलं. आबासाहेबांना ते दिसलं आणि त्यांनी तिच्या वतीनं विचारून टाकलं. का म्हणून पार्थ? – अगं, माझ्यापुढं मडकं कोण धरणार? लेकीनं धरलेलं आपल्यात चालतं का? तिकडं शहरात चालत असेल, आपल्यात नाही. मडकं धरणाऱ्याच्या हातावर काहीतरी वजन नको का ठेवायला? आणि आता तू म्हणशील माझं काय. म्हणशील ना? तोंडानं नाही म्हणणार, पण मनात तेच. तर तुझीही सोय केलीय मी. रविराजच्या गोठ्यामागं खोली रिकामी आहे. त्याच्या बायकोला कंबरेचं दुखणं, तिला घरात कामाला कुणीतरी लागतंच.

सुकन्या अजून लिहीत नव्हती.

“मला काय वाचता येत न्हाई,” आबासाहेब शांतपणे म्हणाले. “तू तुजं नाव लिहिलंस तरी मला कळनार न्हाई. पर तू लिहिनार न्हाईस. तुला जमायचंच न्हाई ते. म्हनून तर दुसऱ्या कुनाला न बसवता तुला बसवलं.”

तिने पार्थचं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता. पुढं पाठवलं आणि आता खात्रीचा सहा आकडी नंबर यायची वाट बघायची होती. मोठ्या मोबाईलवरचे निरोप आबासाहेबांच्या हातून पुसले जायचे, म्हणून त्यांनी खात्याला सुकन्याच्या जुन्या बटनांच्या फोनचा नंबर दिला होता. नंबर तिच्याकडे येणार, ती वाचणार आणि ते स्वतः दाबणार. आकडे दाबायचा मान त्यांनी कुणाला दिला नसता.

नंबर यायला उशीर होत होता आणि आबासाहेबांना गप्प राहणं माहीत नव्हतं. पणतीवाल्याचा अजून एक गुण त्यांना आठवला. त्यातल्या योजनेतून वर्षाच्या आत पैसे काढले की दंड कापतात. लोक त्याला नावं ठेवतात – मला विचारशील तर तेच बरं. बाहेर पडायला दंड नसेल तर हातात काही राहतं का? कुणी जरा बोलावलं की चाललं. अडकवून ठेवावं लागतं, सुका. आता तुझंच घे – तो पुणतांब्याचा हनुमंत, मोटारी दुरुस्त करणारा, बायको गेलेली – माणूस वाईट नव्हता. दोनदा आला, हुंडाबिंडा नको म्हणाला, दुसरेपणाचा आहे, सुखात ठेवीन म्हणाला. पण त्या वेळी तुझी आई साळूबाई अंथरुणाला. तुला दिली असती तर तिचं कुणी करायचं? बाई ठेवायची? बाईचा पगार केवढा, काही कल्पना आहे का? मग काय, मी सांगून टाकलं.

“काय सांगायचं दुसरं,” ते म्हणाले. “पोरीला फेफरं येतं म्हनलं. परत आला न्हाई.”

ते बोलत राहिले, पण सुकन्याला पुढचं ऐकू आलं नाही. तिला हनुमंत येऊन गेल्यानंतरचं, पुणतांब्यातलं मावसबहिणीचं लग्न आठवलं. उन्हात उभं राहून तिला जरा घेरी आली होती, इतकंच, आणि चार बाया कांदा फोडून धावल्या होत्या. एकीनं तो तिच्या नाकाला दाबून धरला. दुसरीनं तिचे दात उघडायला चमचा आणला. मी बरी आहे, मला काही झालं नाही, असं ती सांगत होती आणि बाया एकमेकींकडे बघत मान हलवत होत्या. त्यानंतर त्या गावच्या कुठल्याही कार्यात पंगतीत तिच्या पानाशेजारी कुणीतरी न बोलता एक कांदा ठेवायचं. तिला वाटायचं, विधवेचा काही रिवाज असेल तिकडं. तिने कुणाला विचारलं नव्हतं.

तिच्या मांडीवरचा फोन वाजला.

आला का नंबर, असं आबासाहेबांनी विचारलं. आलाच असणार, मला घंटी ऐकू आली. मग तोंड का पाडलंस? – हनुमंतासाठी? आता काय त्याचं? त्याच्या घरात सून आली, नातू रांगतो. आणि सासरचं म्हणशील तर हिवरे बाजारच्या लोकांनी तुझ्या नवऱ्याचं तेरावं उरकलं त्याच दिवशी तुझी पेटी अंगणात ठेवली. ती पेटी मीच उचलून आणली, दुसऱ्या कुणी नाही.

“कुठं जानार हायेस?” ते म्हणाले. “कुठंच न्हाई. वाच.”

सुकन्याने फोन उचलला.

“सात,” ती म्हणाली.

सात, असं म्हणत आबासाहेबांनी बोट टेकवलं. काट्यावरची सवय – ऐकलेला आकडा म्हणून दाखवल्याशिवाय ते मांडत नसत.

“शून्य.”

शून्य. नंबर तेवढ्यापुरताच चालतो, मग मरतो, म्हणून जरा लवकर सांग, असं ते म्हणाले.

“तीन.”

तीन. पार्थ रविवारी सही करायला येतो म्हणालाय, त्याला शिरा आवडतो, तूप हात सैल सोडून घाल.

“तीन.”

पुन्हा तीन? बरं, तीन. आणि खोलीत उदबत्ती लावून ठेव, त्या पोराला वास सहन होत नाही.

“आठ.”

“आठ,” म्हणत आबासाहेबांनी बोट उचललं आणि पुढच्या आकड्यासाठी काचेवर धरून ठेवलं. “हं. सहावा.”

सुकन्याने फोन बंद करून कमरेला खोचला.

“सहावा सांग की,” आबासाहेब म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत होती.

“सुका. सहावा.”