टप बसवाचा, पन हवा जाते कुठं?

...बरं, टप घ्याचा तं घे न बाबा, बसव आन मोकळा हो! पन नाई. आमचा साळा हेमराज, कोंढ्याचा, भाजीचा पिकअप चालवते, थो मांगच्या डाल्यावरच्या एका टपासाठी, म्हंजे पक्क्या छतासाठी, महिनाभर साऱ्या गावाले इचारत फिरला, "पन हवा जाते कुठं?"

तुमाले सांगतो, त्याचं दुखनं खोटं नोतं. रोज सकाळी सांबार, म्हंजे तुमची कोथिंबीर, आन पालक भरून भंडाऱ्याले नेते, उघडा डाला, वारा असा झोंबते का बाजारात पोचेपर्यंत सांबाराची मान खाली... ताडपत्री बांधली तं थे फुगते, गाडीले मांगं ओढते, डिझल पिते थे वेगळंच. मंग टप घ्याचा कोनता, बुटका का उंच?

भंडाऱ्याले टप बनवनारा भैयाजी म्हने, "बुटका घे, केबिनच्या बरोबरीचा. हवा वरून सरकन निंघून जाते."

"तुमी पायली का जातानी?"

भैयाजीनं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला. "हवा कोन पायते, भाऊ?"

झालं... यानं घरी येऊन बायकोची, मेघाची, तोरनाची लाल लोकर काढली, डाल्याभर वीत-वीत धागे बांधले, आन अड्याळच्या रस्त्यानं पिकअप सोडला. मांगं फटफटीवर मी, माह्या मांगं मोबाईल धरून मेघा. लोकं इचारते, "गाडीचं लगन हाय का?" आता काय सांगाव, का आमी हवा पायाले निंघालो?

पन व्हिडिओ पायला न... धागे मांगं उडाले पायजे का नाई? डाल्यातले सारे उलटे, केबिनकडं तोंड करून! हवा मांगच्या फाळक्यावर आदळून वापस येत होती. हेमराजनं ताटावर बसून अकरा खेप पायलं, भात थंडा झाला. हळूच म्हने, "कुठंच जात नाई, भाऊजी. फिरून येऊन राहिली."

भैयाजीनंबी काम सोडून पायलं. "वीस वर्सं झाले टप बनवून, हवा आज दिसली." डाला झाकला का हवा आत फिरनार नाई, म्हनून बुटका टप पक्का होनार, तं मेघा म्हने, "अगुदर दुकानातल्या त्या बुटक्यात शिरून भाजीचा कॅरेट काढून दाखवा. रोज मलेच शिरा लागन, तुमची हवा नाई शिरनार." हेमराज शिरला. कॅरेट आतच राहिला, थो मातर कंबर धरून निंघाला.

शेवटी उंच टप केला, समोरून केबिनवर उतरता, हवेले वर चढाले वाट; बाजूनं उघडनारी दारं, मेघाले भाजी काढाले. पयल्याच दिवशी सांबार ताठ मानेनं बाजारात उतरला. हेमराजनं पेंढीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सोयऱ्यातली गोदावरीबाई आली, डोळे दाखवाले भंडाऱ्याले जाची. "आत वारं नाई लागत म्हनते, बाबू?" बसली. तिच्या मांगून तिची जाऊ, जावेची इहीन... आता रोज पाच-सहा जनी, फुकटात, सांबार मांडीवर घेऊन.

मी इचारलं, "डिझल वाचलं का रे?"

त्यानं टपाकडं पायलं. "त्या वाऱ्यानं सांबार सुकत होता, भाऊजी... पन सोयरेबी दूर राहात होते."