पाखरांच्या माहेरचा चिखल

सटवाजी : रागे, ती बॅग खाली उतरव. आपल्या घराण्यात सात पिढ्या हे शिवार सोडून कुणी गेलं न्हाई, अन् माझ्या जित्यापणी जाणारबी न्हाई!

नर्मदाबाई : परवा वसमतला जिलबी खायला कोण गेल्तं मग?

सटवाजी : ती हळदीच्या भावाची चौकशी व्हती.

नर्मदाबाई : व्हय, चौकशीचा पाक मिशीला लागला व्हता.

रागिणी : आबा, दोनच वर्षांचं काम आहे. लडाखात, उंच डोंगरावरच्या दलदलीत. तिथला चिखल तपासायचा.

सटवाजी : एवढी शिकली, अन् पोरगी चिखल उपसून राहिली! धरणात काय तोटा हाय? गाडीभर आणून देतो, घरपोच.

रागिणी : तिथले थर हजारो वर्षांचे आहेत, आबा. कधी थंडी होती, कधी ओल, सगळं त्यात कळतं. आता हवा तापली, बर्फ लवकर वितळतं. काही दलदली पाण्याखाली गेल्या, काही वाळून चालल्या.

सटवाजी : तिथले लोक बघतील. तुला काहून तकलीफ?

रागिणी : डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली पाखरं हिवाळ्यात आपल्या गव्हात उतरतात ना? ती तिथं अंडी घालतात.

सटवाजी : आपली पाखरं?

रागिणी : आपलीच. हिमालय ओलांडून येतात.

सटवाजी : मला वाटलं, उन्हाळ्यात जायकवाडीला जात असतील.

नर्मदाबाई : ह्यांची झेप तेवढीच.

सटवाजी : यंदा थवा लहान व्हता. मी शेजारच्या शिवहारला शिव्या घातल्या, फटाके वाजवून हाकलतो म्हणून.

रागिणी : थवा कशानं घटला, मलाही अजून ठाऊक नाही. म्हणून तर जायचंय.

नर्मदाबाई : हे दरसाल पाण्याकडच्या गव्हाच्या दोन ओळी पाखरांसाठी राखतात. मी हुरड्याला चार ओंब्या मागितल्या तर डोळे वटारतात.

सटवाजी : तू शिटतीस का रानात? ते मुरमाड रान त्यांच्या खतानं पिकलं. त्याच गव्हावर हे लेकरू शिकलं. अन् त्यांच्या बाळंतपणाची खोली वाळून राहिली, मला खबर न्हाई.

रागिणी : मग जाऊ, आबा?

सटवाजी : जा. आपल्या मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं ने. लई उपकार हायेत त्या चिखलाचे. माझा रामराम सांग.

नर्मदाबाई : चिखलाला?

सटवाजी : चिखलाला अन् पाखरांलाबी. अन् रागे, पाखरं भेटली तर हळूच एक सांगशील?

रागिणी : काय?

सटवाजी : खायला शिवहारच्या रानात उतरा म्हणावं, अन् शिटायला आमच्या.