बेल्टचं बटण

परदेशातल्या पोलीस चौकीत ती हरवलेल्या पासपोर्टची तक्रार द्यायला बाळाला घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं मराठी तिच्या कानावर पडलं.

“इंजिन चालू ठेवून उतरलातच कशाला?”

“अगं, तो माणूस टायरकडे बोट दाखवत होता. मला पंक्चर वाटलं.”

“आणि दुसऱ्यानं गाडी पळवली! मागे चिमी झोपलेली, आणि मी मेली दुकानात तिचं दूध घेत होते.”

“सापडेल गं. गाडी कुठे थांबली की उतरेल ती. हुशार आहे.”

“कशी उतरेल? बेल्टचं बटण दाबायला शिकवत होते, तर तुम्हीच ओरडलात. गाडीत सुटी राहील म्हणालात.”

“... अजून झोपलेली असेल.”

“नाही हो. दुधाची वेळ झालीय. उठली असेल एव्हाना.”