बशीत तीन गोळ्या

हॅलो? … हॅलो, आजोबा? … हो, मीच, हेल्मी. अहो मघापासून मीच लावतेय, तुम्ही उचलतच नव्हतात… सौनाच्या मागे? तळ्यावरून एवढा वारा सुटलाय आणि त्या वाफेच्या न्हाणीघरामागे काय करत होतात? … खारी? … कसल्या खारी मारताय, आजोबा? … बरं बरं, खारी तर खारी. पण धापा केवढ्या टाकताय! बसा आधी. … लाकडाच्या ढिगावर नाही, आत खुर्चीवर. … बसलात? … हं.

ऐका ना. आज मध्येच फोन ठेवायचा नाही हं. नेहमीसारखं 'बरं' म्हणून खाड्कन नाही ठेवायचं. माझं काम आहे तुमच्याकडे. … नाही, गाडी ठीक आहे. … आई पण ठीक आहे. … अहो, रेइनोकाकांच्या दुकानात उभीये मी, बंदुकांच्या फळीसमोर. … हो, शिकार आठवड्यावर आलीये आणि मी आज आलेय, माहितीये. अख्खं गाव आलंय इथे. नारिंगी टोप्यांची नुसती रांग लागलीये.

रायफल घ्यायचीये.

… आहे ना, तुमची आहे की माझ्याकडे. तीस-शून्य-सहा. … नाही हो, मोडली नाही! … गंजली पण नाही, दर रविवारी तेल देते. … ऐका तरी! … लाथ मारते ती, आजोबा.

हसा. हसा हवं तेवढं. … हो, घोडीसारखी. … नीटच धरते हो, खांद्यात गच्च दाबून, तुम्हीच शिकवलंय ना. तरी तीन-चार गोळ्या झाल्या की पुढच्या गोळीला डोळे आपोआप मिटतात. चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं. मग गोळी कुठे जाते ते देवालाच माहीत…

… आजोबा? … हॅलो? … नाही, एकदम गप्प झालात म्हणून.

तर मला अशी पाहिजे की हरणाला पुरली पाहिजे, आणि रविवारी खडीच्या खाणीत डबे उडवायलाही बरी पडली पाहिजे. दुपारभर उडवले तरी खांदा सुजायला नको. … दोन कशाला? एकच. … एकाच बंदुकीने डबे पण आणि हरीण पण. सवय तरी होते ना हाताला. तुम्हीच म्हणता, वर्षभर जिला हात लावला नाही ती बंदूक जंगलात नेऊ नये.

एक मिनिट हं… काय रेइनोकाका? … हो, त्यांच्याशीच बोलतेय. … आजोबा, रेइनोकाका नमस्कार सांगतायत. … ते म्हणतात ही साडेसहाची बघ. क्रीडमूर. … क्री-ड-मूर. … अत्तराचं नाव नाहीये ते, आजोबा, गोळीचं आहे! … हो, आजकाल सगळी पोरं हीच घेतात. लाथ कमी, गोळी सरळ जाते, लांबवर… … हो, आपल्या दलदलीत लांबवर दिसतंय कुणाला. सीडरच्या झाडीत ऐंशी पावलांवर हरीण उभं राहिलं तरी शेपटीशिवाय काही दिसत नाही. मान्य.

… तीनशे-आठ? आहे ना. पण ती तुमच्या तीस-शून्य-सहाचीच धाकटी बहीण. थोडी कमी मारते, एवढंच.

… तीस-तीस? आजीची होती तसली? … गोड बंदूक होती, हो. पण तिच्यावर दुर्बीण नीट बसत नाही ना, आणि तुमच्या डो… माझ्या डोळ्यांना दुर्बीण लागते. … माझ्याच म्हणाले मी. … बावीस वर्षांची असले म्हणून काय झालं? दिवसभर स्क्रीनकडे बघून बघून… … बरं, राहू द्या डोळे.

आणि ही शेवटची. दोन-त्रेचाळीस. सगळ्यात लहान गोळी. … 'पोराटोरांची' काय? … रेइनोकाका म्हणतात, हरणाला पुरते. … हो, जागेवर बसली तर. … नाही बसली तर? … हं. … रक्ताचा माग पातळ पडतो. … हो, ऐकतेय. … म्हणजे हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. … समोरून नाही, पळताना नाही, फांदीआडून नाही. … आणि ज्याला थांबता येत नाही त्याने? … घरी बसावं. बरं.

आजोबा, मध्येच एक विचारते. तुमच्या कोपरापासून बोटापर्यंत लांबी किती हो? … सहजच. … अं… स्वेटर विणतेय. … हो, मी! का, मला येऊ नये? … सांगा ना. टेप नसेल तर सुतळीने मोजा आणि लक्षात ठेवा. … नाही, बंदुकीच्या दस्त्याचा काय संबंध? स्वेटरला दस्ता असतो का?

… अहो रेइनोकाका, हसू नका ना, ऐकू जातं त्यांना.

बरं, तुम्ही येणार ना पण? … शिकारीच्या कॅम्पवर येणार ते माहितीये हो. स्वयंपाकाला नाही, जंगलात. … त्या मांस-बटाट्याच्या पास्ट्या काय, लेनीदादापण भाजेल. … करपवेल. मान्य. गेल्या वर्षी बटाटे कच्चे आणि वरचं कोळसा, हो. पण म्हणून काय तुम्ही चुलीपाशी… … ठरलं म्हणजे? कोणी ठरवलं? … तुम्ही. एकट्याने. आम्हाला न विचारता.

… हं.

… हो. आठवते ना गेल्या वर्षीची ती जखमी मादी.

… हं. … हं. … हो, दलदलीपर्यंत गेलो होतो आपण. तुम्ही पुढे आणि मी मागे. … प्रत्येक थेंबापाशी मला उभं करून पुढचा शोधायचात. … नाही, विसरले नाही. … अंधार पडला म्हणून परतलो. … सकाळी नुसती बसल्याची जागा सापडली. बर्फ वितळलेला, तिच्याएवढाच. … हो. … हो, आजोबा, मीही बघितली ती जागा. तुमच्या शेजारीच उभी होते ना.

… कुणी हसलं नाही. खरंच. मी होते की तिथे. एरवी केवढे हसतो आपण! नेम चुकला की शर्टाचं शेपूट कापायचं आणि भिंतीला ठोकायचं. लेनीदादाची तीन आहेत. चौथ्याला उघडाच येईन म्हणाला होता. … तुम्ही हसा हं थोडं. … आणि तुमचं एकही नव्हतं त्या भिंतीवर. एकही नाही. तरी तुम्ही आपणहून उठून उभे राहिलात. सगळे म्हणत होते, अहो तुमची गोळी चुकली कुठे, लागली की. आणि तुम्ही म्हणालात, लागून सापडू नये हे चुकण्याहून वाईट. … आणि कात्री माझ्या हातात दिलीत.

… माझ्याच हातात का, आजोबा? विचारायचंच होतं मला. वर्षभर विचारायचं होतं.

…

… लक्षात राहावं म्हणून. … हं. … राहिलंय.

… पण तेव्हाच दुखत होता ना तो उजवा खांदा? … खोटं नका बोलू. चमच्याने सूप पिताना पण ओठ चावायचात. मग उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तेव्हा कुठे कळलं आम्हाला. … तो खांदा होता हो, तुम्ही नव्हतात. … बरं. बरं. बंदूक ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. खांद्याची नाही. नाही वाद घालत.

पण तुमचाच नियम आहे ना? शंभर पावलांवर आजीची पांढरी बशी ठेवायची, बशीत तीन गोळ्या बसवल्या की जायचं जंगलात. नाही बसल्या तर कॅम्पवर बटाटे सोलायचे. मला पहिल्या वर्षी अख्खं पोतं सोलायला लावलंत, विसरले नाहीये मी. रडत होते तरी 'साल जाड काढतेस' म्हणालात! … मग? तो नियम तुम्हाला नाही का? … हो, माहितीये तुम्ही यंदा बशी लावली नाहीत. लावलीच नाहीत तर 'नाही बसल्या' कसं म्हणता? … कशाने म्हणजे… समजा, एखाद्या हलक्या… …

… नाही, ही माझ्यासाठीच आहे. … हो. … हो म्हटलं ना. … आता शपथ कशाला घालताय दुकानात?

… काय?

… डाव्या हाताची?

मी कुठे डावखुरी आहे, आजोबा? मी चांगली उज…

…

…

म्हणजे… सौनाच्या मागे खारी नव्हत्याच.

… कधीपासून? … ऑगस्टपासून! … त्या जुन्या बावीसच्या बंदुकीने? डाव्या खांद्याला लावून? … कॉफीच्या डब्यावर. … तरीच. रेइनोकाका मघाशी म्हणत होते, तुझ्या आजोबांनी बावीसची काडतुसं दोनदा नेली, एवढ्या खारी झाल्यात का तुमच्याकडे? मला वाटलं लेनीदादासाठी नेली असतील. … बसतायत? … आधी कोठारालाच लागत होत्या? … अरे देवा, खिडकीला पण! मग आईला ती वाऱ्याने फुटली म्हणून कोण म्हणालं होतं? … हं. आणि आता? … डब्यात. … सगळ्या? … बहुतेक.

आणि कुणाला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

… नाही, रडत नाहीये. सर्दी झालीये. … झालीये म्हटलं ना.

तुम्हाला कधी कळलं? … 'लाथ मारते' म्हणाले तेव्हाच? … मग एवढा वेळ अत्तर नि घोडी करत मला बोलू का दिलंत? … काय बघायचं होतं? मी किती खोटं बोलते ते? … स्वेटर फारच झालं. हो. कबूल.

थांबा. थांबा हं, ठेवू नका… रेइनोकाका! यातली डाव्या हाताची आहे का कुठली? गोळी भरायचा बोल्ट डावीकडून ओढायचा. … अहो बघा ना मागे. … आजोबा, बघायला गेलेत. … मागे बघायला मी पण गेले असते हो, काउंटरच्या आत सोडत नाहीत. … आले, आले. … दोनच? … आजोबा, दोनच आहेत. एक तीनशे-आठ. आणि एक… ती. दोन-त्रेचाळीस. साडेसहाची मागवावी लागेल. मार्क्वेटहून येईपर्यंत हरणं संपतील.

… हॅलो? … हो, सावकाश. विचार करा. माझ्यामागे रांग आहे, पण असू दे.

तीनशे-आठ घ्यायची का? कॅम्पवर कुणी बोलणार नाही. ती दुसरी नेलीत तर लेनीदादा आयुष्यभर 'पोराटोरांची' म्हणून… …

… छोटी?

… नक्की? … नाही, मला चालेल हो, पण हसतील ना सगळे. … हसू देत. … हं. … मोठीला पुन्हा डोळे मिटतील. … हो. … अंग विसरत नाही म्हणता. खांदा बदलला तरी. … आणि छोटीला थांबावं लागतं. … आडवं उभं राहीपर्यंत. … आणि नाहीच राहिलं तर? … जाऊ द्यायचं. … कितीही मोठा नर असला तरी. … हो, आजोबा. … हो. … कळलं.

… अट? सांगा. … शनिवारी, खाणीत, सगळ्यांसमोर. आजीची बशी, शंभर पावलं, तीन गोळ्या. … नाही बसल्या तर बटाटे. … आणि साल मी तपासणार! … मग ही बंदूक? … माझी. खरोखरची माझी. अहो पण मी उजव्या हाताची… … शिकायचं. … तुम्ही या वयात शिकलात, मग मला काय धाड भरलीये. बरं. ठरलं.

… लांबी? … हो, सुतळी हातातच धरून बसलात होय? … सांगा. … रेइनोकाका, लिहून घ्या हो. दस्ता बोटभर कमी करावा लागेल. … आजोबा, शुक्रवारपर्यंत करून देतो म्हणाले.

आणि ऐका ना. बसल्या ना तिन्ही, तर कॅम्पवर गेल्या गेल्या तो शर्टाचा तुकडा मी भिंतीवरून काढून… … नाही? … पण आजोबा… … बरं. … तसाच ठेवायचा. … हरीण मिळालं तरी. … हो. नाही काढणार कुणी. मी बघेन.

… हॅलो? … अजून आहात?

… मग ठेवा ना. नेहमी तर माझं वाक्य संपायच्या आत खाड्कन… …

काय म्हणालात?

… नाही, 'बरं केलंस, पोरी' ऐकू आलं. पण परत म्हणा.

… हं.

जा आता, आत जा. सौना तापवलाय ना? थंड होईल. … तुम्ही ठेवा आधी. … नाही, तुम्ही. … आजोबा, रांगेतले लोक बघतायत माझ्याकडे.

… बरं. मग मीच ठेवते.