हॅलोविनचं रक्त

मला सांगा गं, इथे आखातात, या अझैबात आमच्या गावदेवीचं कुंकू कुठल्या दुकानात मिळतं? सासूबाईंनी गावाहून पाठवलेली अख्खी डबी आमच्या लेकीने हॅलोविनच्या फोटोसाठी तेलात कालवली आणि रक्त म्हणून तोंडभर फासली. वर केस मोकळे सोडून मलाच विचारते, "मम्मी, स्केरी दिसते ना?"

"माझी डबी कुठाय?"

"चिल ना! फोटो बघ, किती क्रिएटिव्ह आलाय."

मी तोच फोटो सासूबाईंना पाठवला. म्हटलं, बघा नातीचे प्रताप! लगेच फोन आला. मी शिव्यांची वाट बघतेय, तर म्हातारी गहिवरून म्हणते, "अगो, चेडवाच्या अंगात देवी इली! आधी तिच्या पायां पड!"

म्हणजे कुंकू माझं गेलं आणि पायाही मीच पडू?