पाळणाघराची किल्ली

बसच्या रांगेत शिंपीणकाकूंच्या पुढे नगरपालिकेतल्या दोघी उभ्या होत्या. एकीच्या कडेवरचं बाळ काकूंकडे टकामका बघत होतं.

"उद्यापासून कामावर यायचं गं, बाळंतपणाची रजा संपली. याला ऑफिसच्या पाळणाघरात ठेवीन म्हणते."

"त्याला कुलूप आहे."

"अगं, परवाच तर थाटात फीत कापली ना?"

"कापली की. पण किल्ली पाळणाघराच्या मॅडमकडे."

"आणि मॅडम कुठे?"

"रजेवर. त्यांच्या बाळाला सांभाळायला कोणी नाही ना!"

"अस्सं! मग उद्या याला थेट साहेबांच्या टेबलावरच ठेवते."

"बाई गं! निदान लंगोट तरी घाल त्याला."

"छे! तो तर मुद्दामच नाही घालणार."

काकूंना राहवलं नाही. बाळाचा गाल कुरवाळत त्या म्हणाल्या, "उद्या पोटभर दूध पिऊन जा हो, राजा."